हिरवी पाटी

सकाळची कॉफी झाली, केस विंचरून झाले, चर्चला घालते तो निळा स्वेटर अंगात चढवून झाला, आणि अर्डिस हॉल्वरसन आपल्याच दाराच्या आत खुर्ची टाकून बसली. दार बंद, दिवा बंद, टीव्हीही बंद. दाराबाहेर मुठीला तिची हिरवी पाटी लटकत होती. आज ती आत घ्यायची नाही, असं तिने रात्रीच ठरवून टाकलं होतं.

कोण येतं, ते तिला बघायचं होतं.

टॅमरॅक कोर्ट नावाच्या या म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीतला हा पाटीचा रिवाज जुना. रात्री निजायच्या आधी पुठ्ठ्याची हिरवी पाटी दाराबाहेर लावायची, सकाळी उठलं की आत घ्यायची. पाटी आत गेली म्हणजे माणूस उठलं, हिंडू-फिरू लागलं. नऊ वाजून गेले आणि पाटी बाहेरच, तर दार वाजवायचं. आतून ओ आली नाही तर ऑफिसला कळवायचं. इतकं साधं. सगळी साठीच्या पुढची माणसं, बहुतेक एकेकटी. भाडं पेन्शनीला झेपेल असं ठेवलेलं, म्हणून जागेसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, आणि एकदा जागा मिळाली की माणूस इथून एकदाच हलतं. कसं हलतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण जेवणाच्या टेबलावर तो विषय कुणी काढत नाही.

दर मजल्याला पाट्या बघणारं एक माणूस असतं. तिसऱ्या मजल्यावर अर्डिस. जन्मभर शाळेच्या भटारखान्यात पोरांना जेवू घातलं तिने. भल्या पहाटे उठायचं आणि कोण आलं, कोण नाही ते बघायचं, हे हाडात मुरलेलं. ही फेरी तिला मिळाली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. सकाळी सकाळी कुणाच्या तरी दाराशी जायला कारण लागतं माणसाला. एखादी पाटी दिसली की ती दार ठोठावून म्हणायची, "रोझेला, उठतेस का खाली कळवू?" आतून शिवी आली की हसत पुढच्या दाराशी.

तक्रार करावी असं तसं काही नव्हतं इथे. हिवाळ्यात घर उबदार राहायचं, बर्फ उपसायला माणूस होता, छप्पर गळलं तर दुसऱ्याची डोकेदुखी. नवरा गेल्यावर स्वतःच्या घरात ती दोन हिवाळे फावडं घेऊन झगडली होती, त्यापुढे हे सुखच म्हणायचं. बुधवारी कॉफी, महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपापली डिश आणून एकत्र जेवण. भांडणंही होती, घरोघरी मातीच्या चुली. कपडे धुवायच्या मशिनीत कुणी आपलं धुणं विसरलं की आठवडाभर अबोला. पण माणसांनी भरलेल्या इमारतीत संध्याकाळी पाचनंतर एकेक दार बंद व्हायचं आणि मग सकाळपर्यंत उघडायचं नाही. गालिच्यावर पावलंसुद्धा वाजायची नाहीत.

आणि मग गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची युनिस गेली. तिथली पाट्या बघणारी बहिणीकडे गेली होती आणि जाताना कुणाला सांगायचं विसरली. युनिसची पाटी दाराला तशीच. येणारे-जाणारे बघत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

बुधवारी कॉफीला तोच विषय. "काय बाई लोक असतात," मर्लिस म्हणाली. मर्लिस म्हणजे कोपऱ्यातल्या घरातली, टॉफी नावाचं केसाळ कुत्रं काखेत घेऊन फिरणारी. "आपल्याकडे अर्डिस आहे म्हणून बरं. आपल्याकडे असं होणार नाही."

"ते खरं," अर्डिस म्हणाली. "पण माझी पाटी कोण बघतं?"

रोझेलाने साखर ढवळली.

"अगं, तुझी तूच बघतेस की," मर्लिस म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. अर्डिसही हसली. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. गुरुवारी अडकलं, शुक्रवारी अडकलं, आणि शनिवारी सकाळी ती दाराच्या आत खुर्ची टाकून बसली.

*

पहिल्यांदा रोझेला आली. शनिवारी खाली टेबलावर बेकरीतले उरलेले पाव येतात, लवकर गेलं तर बरे मिळतात. दाराच्या भिंगातून अर्डिसला रोझेलाची टोपी दिसली, मग पिशवी. रोझेलाने पाटीकडे पाहिलं. थांबली.

"फेरीवर असेल," रोझेला स्वतःशीच पुटपुटली आणि लिफ्टकडे गेली.

मग मर्लिस, काखेत टॉफी. टॉफीने दाराच्या फटीला नाक लावून फुसफुस केलं. त्याला कळलं होतं बिचाऱ्याला की आत माणूस बसलंय. मर्लिस खाली वाकली, भिंगातून तिचे पांढरे केस अगदी जवळ आले. पाटी जरा तिरकी लटकत होती. मर्लिसने ती सरळ केली, मागे होऊन नीट झाली का पाहिलं आणि म्हणाली, "चल टॉफी, पाव संपतील."

सरळ केली. अर्डिसला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. भवाने, दार वाजवायला हात पुढे केलास आणि पाटी सरळ करून गेलीस? तिथल्या तिथे दार उघडावं आणि चांगली खरडपट्टी काढावी, असं मनात आलं. पण मग समजायचं कसं कुणी येतं की नाही? भिंग सोडून ती खुर्चीत बसून राहिली, नुसता कान देऊन.

दुपार झाली. तिने टोमॅटोचं सूप गरम न करताच खाल्लं, भांड्याचा आवाज नको म्हणून. फोन वाजला नाही. तो वाजेल असं तिला वाटतही नव्हतं. ॲरिझोनातला मुलगा कर्टिस नाताळला आणि वाढदिवसाला फोन करायचा, आणि या दोन्हींतलं आज काही नव्हतं. दाराशी बसून बसून पाठ भरून आली तेव्हा ती आतल्या मोठ्या खुर्चीत जाऊन टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

जाग आली ती खिडकीबाहेर सरोवर काळं पडू लागलं होतं तेव्हा. दिवस सरला होता. कुणी आलं नव्हतं. आता मनातून राग गेला होता आणि नुसतं पोकळ पोकळ वाटत होतं. जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं बाई तुला, ती स्वतःला म्हणाली. आता पाटी आत घे आणि गप जेव.

तिने दार उघडलं.

दाराच्या शेजारी, तिच्याच भिंतीला पाठ लावून, घडीच्या खुर्चीवर ऑरव्हिल टेश बसला होता. अंगात काळा कोट, गळ्यात टाय, हॅट गुडघ्यावर. मान जरा खाली गेलेली, पण झोपला नव्हता.

ऑरव्हिल समोरच्या घरातला. आयुष्यभर बोटींत खनिज भरायच्या धक्क्यावर राबलेला, हातांची बोटं वाकडी झालेली, बोलणं कमी आणि तेही खवट. पाटीची फेरी सुरू झाली तेव्हा त्याने पाटी घ्यायलाच नकार दिला होता. "मी काय हॉटेलात राहतो?" पण रोज सकाळी त्याचा रेडिओ मोठ्याने लागायचा, सरोवरावरचा वारा किती, बर्फ किती, बोटी कुठे, आणि अर्डिसला तेवढं पुरायचं. एकदा सगळ्यांच्या जेवणात तिने केक केला होता, तो खाऊन हा म्हणाला होता, "अक्रोड नाहीत यात. अक्रोडाशिवाय कसला केक?" दोन तुकडे खाल्ले होते वर.

आता त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"जिवंत आहेस," तो म्हणाला.

"तू इथे काय करतोयस?"

"बसलोय." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "सकाळी पाव आणायला गेलो, तेव्हा पाटी होती. परत आलो, तेव्हाही होती. तू तर पहाटेच आत घेतेस. तू सगळ्यांची दारं वाजवत फिरतेस, आणि आज फिरली नाहीस. मला कळलं."

"मग वाजवायचं ना दार!"

"नाही वाजवत मी दारं." त्याने हॅट एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "माझी बायको गेली, लाव्हॉन, तेव्हा मी गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेलो होतो. आलो तर किल्ली घरात. दार वाजवलं. उघडेना. म्हटलं रुसली असेल, सकाळी जरा बाचाबाची झाली होती. वाजवत राहिलो. शिव्या दिल्या मी त्या दाराला, अर्डिस. आणि आत ती..." त्याने पुढे सांगितलं नाही. "एकटी होती. सबंध दिवस. कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. म्हणून मी ऑफिसात फोन केला, शनिवार आहे, तिथे निरोपाचं मशीनच बोलतं, तर मशीनला सांगितलं. आणि कोट घालून आलो."

अर्डिसने चौकटीला धरलं.

"ऑरव्हिल, मला काही झालं नव्हतं रे. मी मुद्दामच ठेवली होती पाटी. मला बघायचं होतं, कुणी येतं का."

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रागापेक्षा वाईट होतं. तो उठायला लागला. फार वेळ बसल्याने गुडघे धरले होते, भिंतीला हात टेकत, थांबत थांबत उठला. तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"मग बघितलंस ना," तो म्हणाला.

खुर्चीची घडी घातली, काखेत मारली, आणि आपल्या दारात शिरून दार लावून घेतलं.

*

सोमवारी मॅनेजर केंड्रा आली आणि सकाळी सकाळीच वर आली. तिशीतली पोरगी, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

"मिसेस हॉल्वरसन, तुम्ही... अरे देवा. बसते हं मी जरा." ती बसली. "मी आल्या आल्या मशीनवरचा निरोप ऐकला आणि आधी तुमच्या मुलालाच फोन लावला. मला वाटलं आधी घरच्यांना सांगावं. चुकलंच माझं."

"कसला निरोप?"

केंड्राने आपल्या मोबाइलवर तो ऐकवला. ऑरव्हिलचाच आवाज, रेडिओवर हवामान सांगतात तसा सपाट. तिसऱ्या मजल्यावरची अर्डिस गेली. पाटी बाहेर आहे. घाई करू नका, मी इथे बसलोय.

अर्डिसने तो परत एकदा लावायला सांगितला. घाई करू नका, मी इथे बसलोय. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती, लग्न केलं होतं, मूल वाढवलं होतं, आणि असं वाक्य तिच्यासाठी कुणी बोललं होतं का, ते तिला आठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. कर्टिस. "आई? आई, तू बोलतेयस?" पन्नाशीचा बाप्या लहान पोरासारखा रडला. ती त्याला उगी उगी करत राहिली, नाही रे राजा, चूक झाली, मी ठणठणीत आहे. आणि लाज वाटत होती तरी आतून सुखावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दर रविवारी फोन करीन म्हणाला. पुढच्या रविवारी केला. त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी मुलाची मॅच होती, आणि मग फोन आलाच नाही.

केंड्राने जाताना फेरीचं सांगितलं. सांगताना तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "तुम्ही इतकी वर्षं केलंत, खरंच. पण पाटीची चेष्टा झाली की लोकांचा विश्वास उडतो. वरून विचारतील मला. आता मर्लिसना देते मी ही फेरी. तुम्हालाही आराम."

"चेष्टा नव्हती ती," अर्डिस म्हणाली. पण काय होतं, ते तिला सांगता आलं नाही.

आराम कसला, शिक्षाच ती. पहाटे उठायची, पाटी आत घ्यायची, आणि पुढे दिवसभर कुणाच्या दाराशी जायचं कारण नाही. बाहेरून मर्लिसचा आवाज यायचा, टॉफीचं भुंकणं यायचं. मर्लिस तिच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "अर्डिसची पाटी आत आहे, चला!" आता तिची पाटी बघणारं माणूस मिळालं होतं. हेच हवं होतं ना तुला?

पण तिला खरी टोचणी होती ती ऑरव्हिलची. लिफ्टमध्ये भेटला तर भिंतीकडे बघायचा. "ऑरव्हिल, ऐक तरी," म्हटलं तर, "माझा मजला आला," म्हणून उतरायचा. दोघांचा मजला एकच, तरी. तिने एका रविवारी मासे आणि नूडल्स ओव्हनमध्ये भाजले, आपली काचेची डिश भरून त्याच्या दाराशी ठेवली. डिशच्या तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव, सगळ्यांच्याच डिशला असतं तसं. दोन दिवसांनी डिश तिच्या पायपुसण्यावर आली. लख्ख धुतलेली, पुसलेली, आणि रिकामी.

आता, या भागात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान दोन सफरचंदं, चार बिस्किटं, काही नाही तर बागेतला कांदा. भांडं रिकामं आलं म्हणजे खाल्लं, धुतलं, आणि संपलं आपलं. अर्डिसने ती डिश कपाटात सगळ्यात मागे ठेवली.

नाताळला तिने तीच परत काढली. केक केला, अक्रोडाशिवायचाच, अक्रोड तिला परवडत नव्हते. ठेवला दाराशी. डिश परत आली नाही. आठवडा गेला, दोन गेले. तिला वाटलं, आता धुवायचेही कष्ट घेत नाही.

जानेवारीत त्याच्या घरातून ठोकाठोकी ऐकू यायला लागली. दुपारी, टक, टक, मग शांत, मग परत टक. रोज थोडी थोडी. मर्लिस वैतागली. "काय खिळे ठोकतोय हा म्हातारा? टॉफी घाबरतो. मी केंड्राला सांगणार आहे." सांगितलंही. त्यानंतर ठोकणं जरा दबलं, खाली टॉवेल घालून ठोकल्यासारखं, पण थांबलं नाही. अर्डिस भिंतीशी बसून ऐकायची. निदान आहे, एवढं तरी कळत होतं. सकाळी रेडिओ आणि दुपारी टकटक. हे तिचं गुपचूप चाललेलं पाट्या बघणं होतं म्हणा ना, आणि त्याबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

*

फेब्रुवारीत एका सकाळी रेडिओ लागला नाही.

रात्रभर बर्फ पडला होता, सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं गप्प होतं, म्हणून आधी तिला वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाहीये. तिने आपला नळ बंद केला. कान दिला. बोटी कुठे, वारा किती, काही नाही.

बाहेर मर्लिस फेरीवर होती. अर्डिस घरातल्याच चपला घालून बाहेर आली.

"मर्लिस, ऑरव्हिलचा रेडिओ लागला नाही आज."

"मग? झोपला असेल."

"तो इतका वेळ झोपत नाही. दार वाजव ना."

"अगं, त्याची पाटीच नाही. मी काय बघू?" मर्लिसचं बोलणं दुष्ट नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. "आणि तू परत सुरू करू नकोस हं अर्डिस. एकदा झालंय तेवढं पुरे."

अर्डिस समोरच्या दाराशी गेली आणि तिने दार वाजवलं. जोरात नाही. वाजवून थांबली. "ऑरव्हिल, मी आहे," ती म्हणाली. परत वाजवलं. आतून काही आलं नाही. तिने शिवी दिली नाही, हाकही मोठी केली नाही. कपाळ दाराला टेकवून ती जराशी उभी राहिली, मग खाली जाऊन दुरुस्त्या बघणाऱ्या ड्वाइटला घेऊन आली. मर्लिस तोवर तिथेच उभी होती, कुत्र्याला छातीशी धरून, आणि तिचा चेहरा उतरला होता.

ड्वाइटने किल्ली लावली, आत गेला, आणि परत आला तो डोक्यावरची टोपी काढूनच.

ऑरव्हिल खिडकीशी खुर्चीत होता. एका पायात मोजा होता, दुसरा हातात. आदल्या संध्याकाळी की पहाटे, कोण सांगणार.

केंड्रा आली, तिने फोन केले. रस्ते बर्फाने अडलेले, मृत्यूची नोंद करणाऱ्या सरकारी माणसाला यायला दुपार होईल म्हणाले. "तोपर्यंत कुणीही आत जायचं नाही," ती सगळ्यांना म्हणाली. डोळे तिचेही लाल झाले होते. "तसा नियम आहे. दार लावून घेते मी. तुम्ही सगळे आपापल्या घरी जा, प्लीज."

"मी आत बसते त्याच्याजवळ," अर्डिस म्हणाली.

"नाही बसता येत, मिसेस हॉल्वरसन. खरंच नाही."

सगळे पांगले. दारं एकेक बंद झाली. ड्वाइट शेवटी बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात काचेची डिश होती. "ही दाराशेजारच्या टेबलावर होती," तो म्हणाला. "खाली तुमचं नाव आहे. एवढं दिलं म्हणून काही बिघडत नाही."

डिश जड होती. वर जाड कागद बांधला होता, दोरीने, म्हाताऱ्या वाकड्या बोटांनी मारलेली गाठ. अर्डिसने ती तिथेच उभ्या उभ्या सोडली. आत सोललेले अक्रोड होते. काळे अक्रोड, ज्यांचं कवच हातोडीने हाणल्याशिवाय फुटत नाही आणि फुटलं तरी गर सुईने टोकरून काढावा लागतो. तुकडेच तुकडे, लहान लहान, कवचाची एकही कपची नाही. डिश काठोकाठ भरली होती. भरेपर्यंत द्यायची नव्हती बहुधा, म्हणून इतके दिवस राहिली.

"जानेवारीपासून," ती म्हणाली. ड्वाइटला काही कळलं नाही. तो खाली गेला.

अर्डिस घरात गेली. घरातला गाऊन काढला, निळा स्वेटर आणि जाड काळा स्कर्ट घातला, केस विंचरले, आईचं चांदीचं पदक गळ्याशी लावलं. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि ऑरव्हिलच्या दाराशेजारी, त्याच्याच भिंतीला लावून ठेवली. बसली. डिश मांडीवर घेतली. कागद परत नीट बांधला.

लिफ्टपाशी गेलेली रोझेला परत आली. "अर्डिस, इथे काय करतेस? थंडी आहे पॅसेजमध्ये."

"बसलेय."

"किती वेळ?"

"येईपर्यंत ते."

रोझेला घुटमळली, मग घरातून एक शाल आणून तिच्या खांद्यावर टाकून गेली. थोड्या वेळाने मर्लिसने दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावलं. मग फारसं कुणी आलं नाही. बसून बसून पाठ धरली, पाय गार पडले. सबंध दिवस बसला होता तो माणूस असा, टाय लावून, आणि मी आत सूप खात होते, असं तिच्या मनात येत राहिलं. माफ कर म्हणायचं होतं, ते ती दारालाच हळू आवाजात म्हणाली. आणि मग म्हणाली, "केक करते अक्रोडाचा," कारण दुसरं काही सुचलं नाही.

बर्फ उपसून झालं, दुपार कलली, तेव्हा लिफ्टचं दार उघडलं. सरकारी माणूस आणि त्याच्यामागे स्ट्रेचर घेतलेले दोघे, बुटांना बर्फ लागलेलं. केंड्रा किल्ली घेऊन पुढे आली.

सरकारी माणसाने अर्डिसला पाहून टोपी काढली. "तुम्ही घरच्या का, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "मी समोर राहते."

ती उठली. स्ट्रेचर वळायला जागा हवी म्हणून तिने खुर्ची स्वतःच बाजूला घेतली, डिश तिच्यावर ठेवली, आणि ते त्याला घेऊन लिफ्टमध्ये शिरेपर्यंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.